हमखास नफ्याची ट्रेडिंग सिस्टीम असेल तर लोक ती कोर्समधून विकतात कशाला? स्वतःच वापरून श्रीमंत का होत नाहीत?

हा प्रश्न मला २०२१ मध्ये पडला असता तर माझे अठरा हजार वाचले असते. पुण्यात एका हॉटेलच्या हॉलमध्ये शनिवार-रविवारचा कोर्स केला. शिकवलं काय, तर नऊ-वीसचा स्ट्रॅडल. सकाळी ९:२० ला बँक निफ्टीचे (बँकांच्या शेअर्सचा निर्देशांक) चालू भावाजवळचे कॉल आणि पुट (निर्देशांक वर किंवा खाली जाण्यावरचे ऑप्शन करार) दोन्ही विकायचे, दोन्हींना २५ टक्क्यांचा स्टॉपलॉस (तेवढा तोटा झाला की सौदा बंद), दुपारी तीनला बाहेर. हेच यूट्यूबवर फुकट पडलेलं होतं, ते नंतर कळलं.

हॉलमध्ये आम्ही साठेक जण होतो. साठ गुणिले अठरा हजार म्हणजे १० लाख ८० हजार, दोन दिवसांत. एवढेच पैसे बाजारातून महिन्याला २ टक्क्यांनी कमवायचे तर ५ कोटी ४० लाखांचं भांडवल पाहिजे, आणि तरी एखादा महिना अंगावर येणारच. फीला स्टॉपलॉस लागत नाही.

शिकवणारे सगळेच लबाड, असं मात्र मी म्हणणार नाही. ट्रेडिंगची कमाई बेभरवशाची, घराचा हप्ता दर महिन्याचा. म्हणून चांगला ट्रेडरही क्लास घेतो. फक्त तो 'रोज १ टक्का' असलं काही बोलत नाही. एक लाख रोज १ टक्क्याने वाढवा: वर्षाच्या २५० दिवसांत १२ लाख, तीन वर्षांत १७ कोटी. असा माणूस तुमच्या अठरा हजारांसाठी प्रोजेक्टर कशाला लावेल? खरोखर चालणारी गोष्ट लोक झाकून ठेवतात. अमेरिकेतले गणितज्ञ-ट्रेडर जिम सायमन्स यांच्या कंपनीने आपला सर्वात यशस्वी मेडॅलियन फंड १९९३ मध्येच बाहेरच्या नव्या गुंतवणूकदारांना बंद केला.

उलट बाजूचं उदाहरण आपल्याकडचं. 'बाप ऑफ चार्ट' या नावाने विकल्या जाणाऱ्या ट्रेडिंग कोर्सच्या प्रकरणात सेबीने, म्हणजे शेअर बाजाराच्या नियामकाने, ऑक्टोबर २०२३ च्या आदेशात १७ कोटींहून जास्त रक्कम जमा करायला सांगितली. कोर्स विकणाऱ्याचा स्वतःचा ट्रेडिंगचा हिशोब अडीच वर्षांत जवळपास २.९ कोटी तोट्यात होता. (एफअँडओमध्ये, म्हणजे फ्युचर्स आणि ऑप्शन्समध्ये, २०२२ ते २०२४ या तीन आर्थिक वर्षांत ९३ टक्के किरकोळ ट्रेडर तोट्यात गेले, हेही सेबीचंच.)

स्क्रीनशॉट बघू नका. घरच्या चार जणांच्या नावाने चार डीमॅट असतात, नफ्यातलं दाखवलं जातं. आयटीआर-३, म्हणजे धंद्याच्या उत्पन्नाचं आयकर विवरणपत्र, मागा: एफअँडओचं उत्पन्न किती, फीचं किती. मी आमच्या सरांना ग्रुपवर हेच विचारलं. 'निगेटिव्ह माइंडसेट' असं उत्तर आलं आणि दहा मिनिटांत मी ग्रुपबाहेर होतो.