शहराच्या नव्याने वाढणाऱ्या भागात घर घ्यावं की थांबावं?

तुम्ही लिहिलंय की भागात मेट्रोचं काम सुरू आहे, जुन्या वस्तीपेक्षा भाव बरेच कमी आहेत आणि एजंट म्हणतोय सहा महिन्यांनी हा भाव मिळणार नाही. अशाच एका भागात मी नऊ वर्षांपूर्वी घर घेतलं आणि अजून तिथेच राहतो. पस्तावलेलो नाही, पण आज घेतलं असतं तर तेच घर नक्की घेतलं नसतं. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी थेट उत्तर. तो भाग आज जसा आहे तसाच आणखी सात-आठ वर्षं राहिला, तरी तुमचं तिथे निभत असेल तर घ्या. मेट्रो आल्यावर, रस्ता झाल्यावर, शाळा सुरू झाल्यावर निभेल असा हिशोब असेल, तर थांबा.

कारण ‘होणार’ला तारीख नसते, आणि असली तरी ती पाळलीच जाते असं नाही. लंडनच्या एलिझाबेथ लाइन ह्या रेल्वेमार्गाचंच बघा. पैसा होता, अनुभव होता, देखरेख होती. मधला मुख्य टप्पा डिसेंबर 2018 मध्ये सुरू होणार म्हणून जाहीर झालं होतं, प्रत्यक्षात गाडी धावली मे 2022 मध्ये. साडेतीन वर्षं. स्टेशनजवळ घर घेऊन बसलेल्यांचे हप्ते काही साडेतीन वर्षं थांबले नसतील. आणि गाडी वेळेवर आली तरी पुरत नाही कधीकधी. स्पेनमध्ये माद्रिदच्या पुढे ग्वादलाहाराजवळ 2003 मध्ये वेगवान रेल्वेचं स्टेशन झालं आणि त्याच्या शेजारी सुमारे 30,000 लोकांसाठी वाल्देलूझ नावाचं नवं शहर आखलं गेलं. 2008 च्या मंदीत बांधकाम अडकलं. स्टेशन होतं, रुंद रस्ते होते, दिव्यांचे खांब होते, माणसंच नव्हती.

म्हणून माझी पहिली तपासणी अगदी बिनखर्चाची आहे. ज्या भागात घर बघताय तिथे कामाच्या दिवशी रात्री नऊच्या सुमारास जा आणि पूर्ण झालेल्या इमारतींच्या पेटलेल्या खिडक्या मोजा. मी हे घर घेतल्यानंतर केलं, ते चुकलंच. शेजारच्या चौदा मजली इमारतीत त्या रात्री अकरा खिडक्यांत उजेड होता. इमारत दोन वर्षांपूर्वी ‘संपूर्ण विकली गेलेली’ होती. विकली गेली होती हे खरंच, पण घेणाऱ्यांपैकी बहुतेकांना राहायचं नव्हतं, भाव चढला की विकायचं होतं. अशा इमारतीत लिफ्टचा आणि देखभालीचा खर्च मूठभर राहणाऱ्यांच्या गळ्यात पडतो, खाली दुकान टिकत नाही, बसच्या फेऱ्या वाढत नाहीत. शिवाय तुम्हाला विकायची वेळ येते तेव्हा ह्या सगळ्या कुलूपबंद घरांचे मालकही तेव्हाच बाजारात उभे असतात.

आता माझी फजिती. बिल्डरच्या माहितीपत्रकात आमच्या इमारतीसमोर हिरवा पट्टा दाखवला होता, त्यात झाडं, बाकं, सायकल चालवणारी मुलगी वगैरे. प्रत्यक्षातही तिथे मोकळं मैदान होतं. मी खास त्या बाजूचं घर घेतलं, त्यासाठी थोडे जास्त पैसेही मोजले. चौथ्या वर्षी मैदानावर पत्रे लागले आणि सहाव्या वर्षी तिथे बावीस मजले उभे होते. पूर्वी दुपारी तीन वाजता बाल्कनीतलं ऊन स्वयंपाकघराच्या ओट्यापर्यंत यायचं, आता तिथे दुपारीही दिवा लावावा लागतो. चिडून मी शहराचा विकास आराखडा बघायला गेलो, तर ती जागा घर घेण्याच्या कितीतरी आधीपासून निवासी बांधकामासाठीच होती. मला कोणी फसवलं असं म्हणायलाही जागा नव्हती. चित्राखाली बारीक अक्षरात ‘कल्पनाचित्र’ असं छापलेलंच होतं. मी माहितीपत्रक वाचलं होतं, आराखडा नाही.

तेव्हा आराखडा आधी बघा, सॅम्पल फ्लॅट नंतर. आसपासच्या प्रत्येक रिकाम्या तुकड्यावर काय करायची परवानगी आहे, किती मजले चढवता येतात, प्रस्तावित रस्ता कोणाच्या अंगणातून जातो, कचरा आणि सांडपाण्याची केंद्रं कुठे आहेत. रिकामी जमीन बघून आपल्याला मोकळी हवा दिसते, बिल्डरला मजले दिसतात. वाढत्या भागात बहुधा त्याचंच बघणं खरं ठरतं. ह्यात आणखी एक गोम आहे. घरांच्या किमती चढायला टंचाई लागते, आणि जिथे चहूबाजूंनी मोकळी जमीन आहे तिथे टंचाई यायला फार वेळ लागतो. तुमचं दहा वर्षं जुनं घर विकायला निघेल तेव्हा शेजारी नवंकोरं घर त्याच भावात मिळत असेल, तर गिऱ्हाईक तुमच्याकडे कशाला येईल?

भाव ‘कमी’ आहे म्हणता, तो कशाच्या तुलनेत? भूगोलाचे अभ्यासक नील स्मिथ ह्यांनी 1979 मध्ये एक साधी गोष्ट मांडली होती. जमीन आज जे उत्पन्न देते आणि उत्तम वापर झाला तर जे देऊ शकेल, त्यांच्यात दरी पडली की पैसा तिकडे वळतो. ते जुन्या, दुर्लक्षित वस्त्यांबद्दल बोलत होते, पण प्रश्न तुमच्याही कामाचा आहे. ती दरी तुमच्यासाठी शिल्लक आहे, की जमीनमालक आणि बिल्डर ह्यांनी आधीच खिशात घातली आहे? मेट्रोची घोषणा वर्तमानपत्रात आली त्या दिवसापासून तिचे पैसे किमतीत मिसळायला लागतात. तुम्ही पहिली गाडी धावण्याआधी घर घेत असाल, पण बातमीनंतर घेताय.

हे ताडून बघायचं तर भाडं विचारा. किंमत आशेवर चढते. भाडं चढत नाही, कारण भाडेकरू आजच्या सोयींचेच पैसे देतो. त्याच इमारतीत तसंच घर भाड्याने कितीला जातं ते काढा, बारा महिन्यांचं भाडं किमतीच्या किती टक्के येतं ते बघा, आणि शहराच्या जुन्या भागातही हाच हिशोब करा. नव्या भागात हे प्रमाण बरंच कमी निघालं, तर तो भाव स्वस्त नाही, उद्याचे पैसे तुमच्याकडून आजच घेतले जात आहेत.

एजंटचा ‘पाच वर्षांनी विकून मोठं घर घ्या’ हा सल्ला मलाही मिळाला होता. कर्जाचा हिशोब करून बघा. आठ टक्के व्याजाने वीस वर्षांचं कर्ज घेतलं, तर पहिल्या हप्त्यातला जवळजवळ ऐंशी टक्के भाग व्याजात जातो. पाच वर्षं नियमित हप्ते भरूनही मुद्दलातले जेमतेम साडेबारा टक्के फिटलेले असतात. त्यात घेताना आणि विकताना लागणारे कर, शुल्क, दलाली धरा. एवढं वसूल व्हायलाच भाव बऱ्यापैकी चढावा लागतो, नफा त्यानंतरचा.

तुमचा भाग नवा नसून जुनी वस्ती नव्याने झळकायला लागली असेल, तर थोडं वेगळं आहे. रस्ते, दुकानं, शेजार सगळं असतं, फक्त ते ज्यांचं असतं ती माणसं भाडी वाढल्यामुळे हळूहळू बाहेर पडतात. समाजशास्त्रज्ञ रूथ ग्लास ह्यांनी 1964 मध्ये लंडनच्या कामगार वस्त्यांबद्दल लिहिताना ह्याला ‘जेंट्रिफिकेशन’ हे नाव दिलं. तुम्ही तिथे घर घेतलं तर त्यात तुमचाही हात लागणार. घेऊ नका असं मी म्हणत नाही, पण जो शेजार बघून घर आवडलं तोच आणखी दहा वर्षं राहील, हे गृहीत धरू नका. आणि जुन्या इमारतीत ड्रेनेज आणि वायरिंग स्वतंत्र माणसाकडून तपासून घ्या, रंगाखाली बरंच काही झाकलेलं असतं.

कागदपत्रांवर फार लिहीत नाही. मालकी, बोजा, बांधकामाची मंजुरी, भोगवटा प्रमाणपत्र हे सगळं तुम्ही नेमलेल्या वकिलाने बघायला हवं, बिल्डरने सुचवलेल्या नाही.

राहिला एजंटचा सहा महिन्यांचा धाक. माझं ऐकाल तर तेवढ्याच मुदतीसाठी त्याच भागात भाड्याने राहायला जा. सामान हलवायचा त्रास आहे, कबूल. पण सकाळी साडेआठला मुख्य रस्त्याला लागायला किती वेळ जातो, वारा फिरला की कुठला वास येतो, पाचव्या मजल्यावर नळाला धार कशी असते, रात्री अकरानंतर रिक्षावाला यायला तयार होतो का, हे दोन रविवारच्या फेऱ्यांत कळत नाही. भाव चढेल ही भीती वाटत असेल तर एक आकडा लिहून ठेवा, सहा महिन्यांचं भाडं अधिक घराच्या किमतीत समजा पाच टक्के वाढ. तेवढं नुकसान झालं तर परवडेल का? मला परवडलं असतं. त्या सहा महिन्यांत समोरच्या मैदानाबद्दल शेजारच्या किराणा दुकानदारानेच सांगितलं असतं. त्याला सगळं माहीत होतं. नंतर मी विचारलं तर म्हणाला, ‘तुम्ही कधी विचारलंच नाहीत.’