घडीची सायकल: आधी उचलून बघा

प्रश्न: घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. स्टेशन 2 किलोमीटर, मग 40 मिनिटं ट्रेन, उतरल्यावर ऑफिस आणखी 3 किलोमीटर. घडीची सायकल घ्यायचं मनात आहे. पण ऑफिसातले सगळे म्हणतात, एवढ्याशा चाकांवर पायडल मारून मारून जीव जाईल. खरंच तसं असतं का? आणि 20 इंची घेऊ की 16 इंची?

उत्तर: ऑफिसातल्या मंडळींचं आधी मिटवू. पुढचं चेनव्हील (पायडलजवळचं दात्यांचं चाक) साध्या सायकलीचंच ठेवलं असतं तर त्यांचं खरं ठरलं असतं. तसं कोणी ठेवत नाही. 26 इंची सायकलला पुढे 42 दाते आणि मागे 14 असतील, तर पायडलच्या एका फेरीत चाक 3 वेळा फिरतं. 20 इंचीला पुढे 52 आणि मागे 13 असले की ते 4 वेळा फिरतं. दोन्ही सायकली जातात साधारण 6 मीटरच. पायांना फरक कळत नाही.

कळतो तो कमरेला. लहान चाक खड्ड्यात जास्त खोल उतरतं आणि हादरा थेट वर येतो. ॲलेक्स मोल्टन या इंग्रज इंजिनिअरने 1962 मध्ये लहान चाकांची सायकल आणली, तेव्हा पुढे-मागे दोन्हीकडे सस्पेन्शन दिलं ते काही उगीच नव्हे. (ती घडीची नव्हती, पण लहान चाकांना मान मिळाला तो तिच्यामुळे.) हँडलही चपळ असतं. वळायचा हात दाखवायला मी पहिल्या आठवड्यात एक हात सोडला आणि सायकल अशी काही नाचली, की मागचा रिक्षावालाच घाबरला.

पण तुमच्या पत्रात मला दुसरंच दिसलं. 5 किलोमीटर चालवायला लागतील वीस-पंचवीस मिनिटं. बाकी वेळ तुम्ही सायकलवर नाही, सायकल तुमच्यावर! तीन जिने, स्टेशनचा पूल, डब्यातली गर्दी. माझी पहिली घडीची सायकल 20 इंची, कॅरिअर-मडगार्डसकट साडेचौदा किलोची. दुकानासमोर दोन चकरा मारल्या, खूश झाले आणि घेऊन आले. उचलून पाहायचं सुचलंच नाही. दुसऱ्या महिन्यात ती जिन्याखाली साखळीने बांधलेली असायची, घडी न घालता. म्हणजे घडीचे पैसे पाण्यात.

म्हणून तुम्हाला मी 16 इंची सांगेन, 11-12 किलोच्या आतली. दुकानात घडी घाला, एका हाताने उचला आणि तशीच धरून शंभरपर्यंत आकडे मोजा. साठाला हात भरून आला तर ती तुमची नव्हे. मग घडी घातलेलीच ढकलून बघा. स्टेशनवर ती चाकांवर सरकली तर निम्मं ओझं वाचतं.

घडीही दोन तऱ्हेची असते. एक मधोमध पुस्तकासारखी मिटणारी. हिची चेन कधी कधी बाहेरच्या अंगाला राहते आणि माझ्या दोन फिकट पँटी त्यात गेल्या. दुसरी तीन भागांत मिटणारी. लंडनमध्ये अँड्र्यू रिची यांनी 1970 च्या दशकात ब्रॉम्प्टन घडवली ती अशी: मागचं चाक फ्रेमखाली वळतं आणि चेन दोन चाकांच्या मध्ये लपते. गर्दीच्या डब्यात शेजाऱ्याच्या कपड्यांशी वाद घालायचा नसेल तर हीच बरी.

एक फसगत टाळा. 16 इंची लिहिलेला प्रत्येक टायर दुसऱ्या 16 इंचीला बसत नाही. रिमची नेहमीची मापं दोन, 305 आणि 349 मिलिमीटर. मी हौसेने जादा टायर घेऊन ठेवला आणि गरज पडली त्या सकाळी कळलं, की तो रिमवर चढतच नाही. टायरच्या कडेवर छापलेला आकडा बघूनच नवा घ्या.

आणि बिजागरीचा खटका रोज, निघण्यापूर्वी, हाताने दाबून बघायचा. घाईत माझा हँडलचा खटका अर्धवट लागला होता. फाटकापर्यंत हँडल पुढे झुकलं. वेग नव्हता म्हणून गुडघ्यावर भागलं.

प्रश्न: उंची 6 फूट, वजन 95 किलो. घडीची सायकल झेपेल का?

उत्तर: सीटच्या दांड्यावर एक खूण असते, दांडा त्यापेक्षा वर काढायचा नाही. तरी गुडघे वाकलेलेच राहत असतील, तर काही कंपन्या लांब दांडा देतात, तो मागा. वजनाची मर्यादा माहितीपुस्तिकेत असते. ब्रॉम्प्टनची 110 किलो आहे, पण ती सामान धरून. तुमच्या पाठीवर लॅपटॉप, डबा आणि कुलूप असेल, तर तेही काट्यावर ठेवा.