त्या बाईंनी नाही म्हटलं ते बरंच झालं

अरे, तुझा मेसेज वाचला. तुमच्या फ्रॅटर्निटीच्या, म्हणजे कॉलेजातल्या त्या बंधुमंडळाच्या, अ‍ॅल्युम्नाय चॅप्टरच्या (माजी विद्यार्थ्यांच्या शाखेच्या) गालासाठी, म्हणजे निधी जमवायच्या मेजवानीसाठी, सायलेंट ऑक्शन, म्हणजे कागदावर बोली लिहायचा लिलाव, ठेवलंत, तिथल्या एका चित्रकार बाईंकडे एक चित्र फुकट मागितलंत, त्यांनी दोन ओळींत नाही कळवलं, आणि आता तू विचारतोस की काका, आपण तर मुलांच्या स्कॉलरशिपसाठी मागत होतो, मग त्यांना राग का यावा. येणारच. त्या रात्रीचे पैसे हॉटेलवाला घेणार, केटरर घेणार, गाड्या लावणारा पोरगा टिप घेणार, आणि फुकट कोण, तर जिने चित्र काढलं ती.

समाजसेवा का करावी हे मी तुला सांगत बसणार नाही, ते तुझ्या घरातूनच आलंय. माझं एकच म्हणणं आहे, कलाकाराचं पाकीट आधी.

टॅक्सचं तुला माहीत नसेल. अमेरिकेत चित्रकाराने स्वतःचं चित्र दान केलं तर वजावट मिळते ती फक्त कॅनव्हास-रंगांच्या खर्चाची, 1969 च्या कायद्यापासून हे असंच आहे. तेच चित्र एखाद्या पैसेवाल्याने विकत घेतलं, वर्षाहून जास्त भिंतीवर ठेवलं आणि म्युझियमला दिलं की त्याला सहसा बाजारभावाने वजावट! आणि तुमचं चॅप्टर? बहुतेक फ्रॅटर्निटी टॅक्सच्या हिशोबात सोशल क्लब असतात, 501(सी)(7), त्यांना दिलेली देणगी सहसा वजा होत नाही, म्हणून तर जुनी चॅप्टर्स वेगळं 501(सी)(3), म्हणजे धर्मादाय, फाउंडेशन काढतात. तुमचं आहे का? ते आधी बघ.

तुमच्या देसी फ्रॅटर्निटी काल-परवाच्या. ओमेगा साय फाय बघ, आफ्रिकन-अमेरिकन मुलांनी 1911 मध्ये हॉवर्ड युनिव्हर्सिटीत काढलेली. कॉलेज सुटलं की संबंध सुटला असं तिथे नसतं, पन्नाशी-साठीतली माणसं ग्रॅज्युएट चॅप्टरचं काम करत असतात. इतिहासकार कार्टर वूडसन त्यांच्यातलाच, त्याने या मंडळींना इतिहासाच्या कामाला जुंपलं, मग 1926 मध्ये निग्रो हिस्टरी वीक सुरू केला, ज्याचा 1976 मध्ये ब्लॅक हिस्टरी मंथ झाला. आणि त्यांचा टॅलेंट हंट असतो, हायस्कूलची पोरं गातात, पियानो वाजवतात, जिंकणाऱ्यांना स्कॉलरशिप. म्हणजे शाळकरी पोरांच्या कलेलाही तिथे पैसे आहेत, आणि तुम्ही जन्मभर ब्रश धरलेल्या बाईंना 'एक्स्पोजर' देताय. कमाल आहे.

आमच्या मंडळातही तेच. मुंबईहून येणाऱ्या ग्रुपला विमान, हॉटेल, मानधन, आणि इथेच राहून शनिवारी मुलांना तबला शिकवणाऱ्याला, आपल्याच घरचं कार्य म्हणून, शाल-नारळ. मी भांडलो. हट्टी म्हणाले, कमिटी सोडावी लागली, सोडली. माझं अजूनही तेच म्हणणं आहे. त्या मास्तरांनी पुढे क्लास बंद केला, वेअरहाऊसमध्ये नोकरी धरली, याची हळहळ आहे मला, पण ती एकट्या मलाच का असावी?

आपल्याकडे नारायणगावला यात्रांच्या सीझनला तमाशाच्या राहुट्या लागतात, गावोगावची माणसं तिथे जाऊन फड ठरवतात आणि इसार देऊनच उठतात. चांगलं काम आहे, फुकट नाचा, असं कोणी म्हणत नाही. शेतकऱ्याला कळतं ते तुमच्या एमबीएवाल्यांना कळू नये?

तर आता असं कर. चित्र सरळ विकत घ्या. नाही जमलं तर ऑक्शनची कमीत कमी बोली बाई ठरवतील, विक्रीतला अर्धा हिस्सा त्यांचा, नाही विकलं तर चित्र तुम्ही परत नेऊन पोचवायचं, आणि हे सगळं लेखी. जॅझवाले बोलावणार असाल तर बजेटमध्ये पहिली ओळ त्यांची. पैसे कमी पडले तर फुलं कमी करा, फोटोमागचा तो लोगोंचा बॅनर कमी करा. तुमचा ट्रेझरर कुरकुर करेल, त्याला विचार, तू ऑफिसात पगार घेतोस की अनुभव?

रागावू नकोस. तुला निदान टोचलं तरी, बाकीच्यांना तेही नाही, म्हणून तर एवढं लिहितोय. पाकीट आधी, बाकी सगळं नंतर. बाईंना आजच मेल लिही, सॉरी म्हण पण सॉरीवर थांबू नकोस, चित्राची किंमत विचार. पाठवायच्या आधी मला दाखव, रात्री कितीही वाजता चालेल, मला तशीही झोप नाही.

तुझा,
काका