बंपरला पत्र्याची पुट्टी नको

या वेळचे जवळजवळ सगळे प्रश्न बंपरच्या ओरखड्यांचे आहेत. कुणाला सोसायटीचा खांब लागला, कुणाला पेठेतल्या बोळातली भिंत, कुणाला शेजारच्या स्कूटरचं हँडल. गोंधळ मात्र एकच: प्लास्टिकला पत्रा समजून केलेले उपचार. म्हणून उत्तरं एकत्र देतो.

प्रश्न (कोथरूड): बंपरवरचा ओरखडा रबिंग-पॉलिशने जाईल का?

नख आडवं फिरवा. अडकलं नाही तर बहुधा जाईल. अडकलं तर नाही.

प्रश्न (सहकारनगर): टूथपेस्टने ओरखडे जातात असा व्हिडिओ पाहिला. करून पाहू का?

नको. गाडीच्या रंगावरचा क्लिअर कोट, म्हणजे वरचा पारदर्शक चकाकीचा थर, साधारण 40 ते 50 मायक्रॉनचा असतो, म्हणजे केसाहूनही पातळ. टूथपेस्टमधल्या भुकटीचे कण रंगासाठी मोजूनमापून घेतलेले नसतात. ओरखड्याशेजारची चकाकी जाते आणि ओरखडा तिथेच राहतो.

प्रश्न (हडपसर): बंपरच्या कोपऱ्यावर खोल चरा पडला होता, आत काळं दिसत होतं. जवळच्या गॅरेजमध्ये पुट्टी भरून रंग दिला. पाच महिन्यांनी वॉशिंग सेंटरवर गाडी धुताना तिथला रंग पापुद्र्यासारखा सुटला. पेंटर म्हणतो, हल्ली कंपनीचं प्लास्टिकच हलकं असतं. खरं आहे का?

प्लास्टिक हलकं नाही, काम हलकं झालं.

बंपर उतरवून आतली बाजू पाहा. तिथे टोकदार कंसांत अक्षरं उठवलेली असतात, बहुधा पीपी, ईपीडीएम आणि पुढे टीडी 20 अशी. म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, लवचीकपणासाठी त्यात मिसळलेलं रबर आणि 20 टक्के टाल्कची भुकटी. आजचे बहुतेक बंपर याच कुळातले असतात. या प्लास्टिकचा पृष्ठभाग मेणासारखा असल्याने त्याला ना रंग धरतो, ना गोंद, ना पुट्टी. कारखान्यात रंगापूर्वी त्यावर ज्योत फिरवतात किंवा खास प्रायमर देतात, तेव्हा कुठे रंग बसतो. तुमच्या चऱ्यातलं काळं म्हणजे उघडं पडलेलं प्लास्टिक. कारखान्याचं अस्तर तिथे उरलं नव्हतं, आणि त्यावर बहुधा पत्र्याची पॉलिएस्टर पुट्टी भरली गेली.

ती पुट्टी वाळल्यावर ताठ होते. पत्रा स्वतः ताठ असल्याने त्याच्यावर चालते. बंपर अंगठ्याने दाबला तरी वाकतो, एप्रिलच्या उन्हात फुगतो, डिसेंबरच्या पहाटे आकसतो. पुट्टीला हे जमत नाही. तिच्या कडेला केसाएवढी भेग पडते, भेगेतून पाणी शिरतं, आणि एक दिवस प्रेशर गनचा फवारा नेमका त्या कडेखाली घुसतो.

आता काम कसं व्हायला हवं होतं ते. आधी साबणाच्या पाण्याने धुवायचं. मग मेण आणि सिलिकॉन काढणाऱ्या क्लीनरने एका फडक्याने पुसून, तो वाळायच्या आत दुसऱ्या कोऱ्या फडक्याने टिपायचं. हे पॉलिश पेपरने घासण्याआधी. नंतर केलं तर तोवर पेपरने तेच मेण चऱ्यात रगडलेलं असतं. (वॉशिंग सेंटरवर 'फ्री' म्हणून प्लास्टिकला जे चकचकीत पॉलिश फासतात, त्यात बहुधा सिलिकॉनच असतं. रंगकामाचा याहून मोठा शत्रू नाही. सरळ नको म्हणा.) चऱ्याच्या वर आलेल्या कडा धारदार ब्लेडने छाटायच्या आणि 180 नंबरच्या पेपरने हाताने घासायचं. मशीन जोरात चालवलं की हे प्लास्टिक तापून त्याला लव फुटते आणि ती रंगाखालूनही दिसते. मग 320 ने कडा लांबवर उतरत्या करायच्या, बोटाला पायरी लागता कामा नये. उघड्या प्लास्टिकवर अ‍ॅडहेजन प्रमोटरचे, म्हणजे पुढचा थर धरून ठेवणाऱ्या अस्तराचे, एक-दोन पातळ हात द्यायचे. दुकानात याला प्लास्टिक प्रायमरही म्हणतात. डब्यावर लिहिलेला वेळ थांबायचं. तो बहुधा दहा-पंधरा मिनिटांचा असतो. 'चांगलं धरावं' म्हणून जाड हात दिला तर तोच थर सोलून निघतो.

त्यानंतर प्लास्टिकसाठीची लवचीक, दोन भागांची पुट्टी. ती घासताना कडेला प्लास्टिक पुन्हा उघडं पडतं. तिथे प्रमोटर पुन्हा द्यायचा. हीच पायरी गाळली जाते आणि रंग हमखास तिथूनच सुटतो. मग 400 नंबरचा पेपर, सरफेसर (बारीक चरे भरणारं अस्तर), 600 ते 800 चा वॉटर पेपर, बेस कोट (मूळ रंगाचा थर) आणि शेवटी क्लिअर कोट.

गाडी टाकण्यापूर्वी पुट्टीचा आणि प्रमोटरचा डबा दाखवायला सांगा. 'सगळ्याला एकच चालते' असं उत्तर आलं तर किल्ली परत घ्या. तुमच्या गाडीवर आता जुन्या पुट्टीवर नवी चढवू देऊ नका, जुनी मूळ प्लास्टिकपर्यंत काढावी लागेल. आजूबाजूचा रंग किती सुटलाय हे फोटोवरून सांगता येत नाही. बंपर उतरवून तपासणाऱ्या जाणकाराला दाखवा.

प्रश्न (वारजे): पांढऱ्या गाडीच्या बंपरवर दोन सेंटिमीटरचा चरा आहे, तळाशी थोडं प्लास्टिक दिसतं. घरी करता येईल का?

साधा पांढरा असेल तर करा. पर्ल पांढरा (मोत्यासारखी झाक असलेला) असेल तर हात लावू नका. टच-अपची बाटली कलर कोडनुसार (कंपनीने त्या रंगाला दिलेल्या क्रमांकानुसार) घ्या आणि निदान दोन मिनिटं हलवा. झाकणाचा ब्रश रंग चऱ्याबाहेर पसरवतो, त्याऐवजी टूथपिक वापरा. वरच्याप्रमाणे सफाई करून चऱ्यात प्रमोटरचा टिपूस सोडा. मग रंगाचे तीन-चार पातळ थर, प्रत्येकामध्ये अर्धा तास. एका दमात भरलेला रंग वरून वाळतो, आत ओला राहतो आणि नंतर खचतो. रात्रभर थांबून क्लिअर भरा, आजूबाजूपेक्षा किंचित वर येईल एवढा. आठवडाभर अजिबात हात लावू नका. मग खोडरबराच्या तुकड्याला 2000 चा वॉटर पेपर गुंडाळून फक्त उंचवटा घासा, नंतर 3000, शेवटी कंपाउंड (चकाकी आणणारं रबिंग-पॉलिश).

चरा अर्ध्या फुटावरून शोधावा लागेल इतपत काम होईल. नाहीसा होईल असं कुणी सांगत असेल तर तो काहीतरी विकतोय. आणि हार्डनरवाल्या क्लिअरचा स्प्रे कॅन बाल्कनीत मारू नका. त्यातली आयसोसायनेट रसायनं फुप्फुसांना कायमची त्रासदायक ठरू शकतात; तोंडाला बांधलेला रुमाल त्यांना अडवत नाही.

प्रश्न (चिंचवड): सिल्व्हर गाडी. कोड बरोबर देऊनही बंपर वेगळा दिसतो. पेंटरने फसवलं का?

फसवलंच असेल असं नाही. कोड ही सुरुवात आहे. मेटॅलिकमधले अ‍ॅल्युमिनियमचे कण फवारा ओला पडला की वेगळे बसतात, कोरडा पडला की वेगळे, आणि शेड बदलते. त्यात गाडी पाच-सहा वर्षं उन्हात उभी असेल तर तिचाही रंग बदललेला असतो. आधी कार्डावर फवारून ते गाडीशेजारी धरायचं, उन्हात, ट्यूबलाइटखाली नव्हे. सिल्व्हरमध्ये मधोमध ठिगळ चालत नाही. बेस लांबवर विरत न्यायचा आणि क्लिअर अख्ख्या बंपरवर द्यायचा.

प्रश्न (सिंहगड रोड): गॅरेजवाले म्हणतात, क्लेम टाका, फुकटात होईल. टाकू का?

'फुकट' या शब्दावर आधी शंका घ्या. साध्या पॉलिसीत प्लास्टिकच्या भागाचे निम्मे पैसे घसाऱ्यात जातात. झिरो डेप (घसारा न कापणारं जोडकलम) असेल तर हे वाचतं, पण सक्तीची वजावट, म्हणजे तुम्ही खिशातून भरायची रक्कम, तेव्हाही आहेच: 1500 सीसीपर्यंत 1000 रुपये, त्यावर 2000. शिवाय नूतनीकरणाला नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, जातो. तो पहिल्या वर्षाला 20 टक्के आणि वाढत 50 टक्क्यांपर्यंत असतो. एका चऱ्यासाठी 50 टक्क्यांचा बोनस घालवणं हा हिशेब नव्हे. बोनस वाचवणारं जोडकलम आहे का, हे एजंटकडून लेखी घ्या आणि मगच ठरवा.

प्रश्न (बाणेर): मागच्या बंपरच्या कोपऱ्यावर चरा. गाडीत ब्लाइंड स्पॉटचा इशारा आहे. नेहमीच्या पेंटरकडे दिली तर चालेल?

थांबा. तो इशारा देणारा रडार बहुधा त्याच कोपऱ्याच्या आत असतो आणि प्लास्टिकमधून पाहतो. पुट्टीचा किंवा मेटॅलिक रंगाचा जादा थर त्याच्या लहरी अडवतो. अनेक कंपन्या त्या भागात पुट्टी भरायला परवानगीच देत नाहीत. आधी सर्व्हिस सेंटरकडून लेखी विचारून घ्या.

प्रश्न (धनकवडी): गरम पाणी ओतलं की बंपर पूर्ववत होतो म्हणे?

पोचा कधी कधी निघतो. चरा नाही.

प्रश्न (कात्रज): प्लास्टिकला गंज लागत नाही, मग पावसाळ्यानंतर करू का?

गंज लागत नाही हे खरं. पण प्रत्येक धुण्यात पाणी, शाम्पू, मेण त्या कडेखाली सरकतं आणि आज नखाएवढं असलेलं काम उद्या तळहाताएवढं होतं. उघड्या शेडमध्ये मात्र पावसाळ्यात रंगवू नका. थिनर उडताना पृष्ठभाग थंड होतो, हवेतली वाफ त्यावर बसते आणि रंग पांढुरका पडतो. बंद, तापवलेला बूथ असेल तर जुलैतही चालतं. तोवर चऱ्यावर वॅक्स लावू नका आणि चिकटपट्टीही नको, काढताना ती सुटलेला रंग ओढून नेते.

प्रश्न (विमाननगर): सिरॅमिक कोटिंगने चरा भरून निघतो का?

नाही. आणि रंग नवा असेल तर पेंटरला विचारल्याशिवाय निदान महिनाभर कोटिंग करू नका, आतलं थिनर अजून निघत असतं.