खेड्यातल्या माणसाला आहारतज्ज्ञाचा उपयोग होतो का?

तुम्ही विचारलंय की आईला शुगर निघाली, तालुक्याच्या डॉक्टरांनी आहारतज्ज्ञाकडे जायला सांगितलं, पण भाकर-वरण खाणाऱ्या माणसाला तिथे काय मिळणार, सॅलडचा कागद? उपयोग होतो. आमच्या घरी मात्र तो पहिल्या खेपेला झाला नाही, दुसऱ्या खेपेला झाला. तो फरक कशाने पडला ते सांगतो.

आम्ही आर्वी तालुक्यातले. घरी कपाशी, तूर, सोयाबीन. 3 वर्षांपूर्वी बाबांची एचबीएवनसी 9.1 आली. ही तपासणी साधारण मागच्या 3 महिन्यांतली सरासरी साखर सांगते, 6.5 किंवा त्याहून जास्त आली की मधुमेह धरतात. शहरातल्या एका दवाखान्यात आम्हाला छापील तक्ता मिळाला. सकाळी ओट्स, दुपारी ब्राउन राइस, 4 वाजता सफरचंद, रात्री सूप. तो 8 दिवस चालला. सकाळी 7 ला वावरात गेलेला माणूस वाटीभर ओट्सवर दुपारपर्यंत फवारणीचा पंप पाठीवर घेऊ शकत नाही. बाबा म्हणाले, "भाकर सोडून मी काय पाला खाऊ?" विषय तिथेच संपला.

मग ओळखीतून वर्ध्याच्या एका मॅडमकडे गेलो. त्यांनी तक्ता दिलाच नाही. घरातल्या प्रत्येकाने 7 दिवस काय, किती आणि किती वाजता खाल्लं ते लिहून आणा, येताना घरची वाटी आणा, एवढंच सांगितलं. वही मी लिहायचो. दुसऱ्या भेटीत त्यांनी आधी आमची वाटी पाण्याने भरून मापली. आहाराच्या कागदावर जी वाटी म्हणतात ती साधारण 150 मिलीची असते. आमची 280 ची निघाली. म्हणजे "एक वाटी भात" सांगितलं की बाबा जवळजवळ दोन खात होते, आणि पथ्य पाळतोय असं मनापासून समजत होते.

वहीत अजून बरंच निघालं. बाबांनी गोड बंद केलं होतं, पण चहा दिवसाला 5 कप, कपाला 2 चमचे. 10 चमचे साखर, म्हणजे जवळपास 50 ग्रॅम, नुसत्या चहातून. तेलाचा हिशोब तर मॅडमनी आईलाच करायला लावला: 15 किलोचा पिपा, घरात 5 माणसं, 2 महिन्यांत संपतो. माणशी दिवसाला 50 ग्रॅम तेल. आई बराच वेळ त्या आकड्याकडे पाहत होती. आता फोडणीला तेल चमच्याने मोजून घालते, तर्रीची भाजी पंधरा दिवसांतून एकदा, आणि पिपा 3 महिने पुरतो.

पण मला सगळ्यात जास्त लागलं ते भाकरीचं. बाबांची तक्रार होती की भाकर बंद केली. मॅडमनी वही पुढे केली, "काका, 7 दिवसांत भाकर दोनदाच दिसते." बाकी दिवस रेशनचा तांदूळ आणि गव्हाच्या पोळ्या. खरंच होतं ते. रानडुकरं आणि पाखरांपायी आम्ही ज्वारी पेरणं कधीच सोडलं, ज्वारीचं सगळं वावर सोयाबीनला गेलं. वावरातून गेली तशी ती ताटातूनही गेली, आमच्या लक्षातही आलं नाही. आता ज्वारी विकत आणतो. भाकर म्हणजे औषध नव्हे, तिनेही साखर वाढतेच. म्हणून रात्री दीड भाकरच, आणि सोबत घट्ट वरण किंवा मुगाची उसळ, अर्धं ताट भाजीचं. अंबाडी, पावसाळ्यात तरोटा, उन्हाळ्यात चिवळ, हिवाळ्यात हरभऱ्याचा कोवळा पाला. यातलं बरंचसं बांधावर किंवा आठवडी बाजारात मिळतं. वावरात जाताना बिस्किटांऐवजी भिजवलेले हरभरे आणि उकडलेलं अंडं. एकदम सगळं नाही बदललं. पहिले 3 आठवडे फक्त चहा, मग वाटी, मग तेल. 6 महिन्यांनी आकडा 7.2 वर आला. गोळ्या डॉक्टरांनी ठरवल्या तशाच चालू होत्या, नुसत्या भाजीने झालं असं मी म्हणणार नाही.

उपवासाचं मात्र आधीच सांगा. बाबांचे श्रावण सोमवार असतात. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च. दुसरीकडे, काही गोळ्या किंवा इन्सुलिन घेऊन उपाशी राहिलं तर साखर एकदम खाली येते, घाम फुटतो, हातपाय थरथरतात. आमच्याकडे एकदा असं झालंय. तेव्हा उपवास कसा करायचा, करायचा की नाही, हे डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

कोणाकडे जावं? डब्यातली पावडर विकणारा आहारतज्ज्ञ नव्हे. अन्न आणि पोषण या विषयातली पदवी आहे का, ते सरळ विचारा, यात संकोच कसला. जिल्हा रुग्णालयातही चौकशी करा. आणि मधल्या काळात शुगर तपासायला प्रत्येक वेळी शहर गाठायची गरज नाही, ग्रामीण रुग्णालयाच्या एनसीडी क्लिनिकमध्ये, म्हणजे शुगर-बीपीसारख्या असंसर्गजन्य आजारांच्या दवाखान्यात, ती होते.

शेवटचं, आणि तुमची गोष्ट आईची आहे म्हणून मुद्दाम लिहितो. वही साऱ्या घराची होती, त्यामुळे त्यात माझ्या आईचाही रकाना होता. सातही दिवस तिच्या जेवणाची वेळ दुपारी अडीच आणि रात्री दहा. काय खाल्लं? उरलेला भात, वरणाचं पाणी, शिळी पोळी. भाजी 4 दिवस नाहीच. मॅडमनी विचारलं तर म्हणते, "उरलं त फेकाचं काय?" त्यांनी तिथल्या तिथे तिचं रक्त तपासायला सांगितलं. हिमोग्लोबिन 8.9 आलं, बाईचं 12 च्या खाली नको असतं. आम्ही सगळे बाबांच्या ताटाकडे पाहत बसलो होतो.

तुमच्या आईची वही लिहाल तेव्हा वेळेचा रकाना नक्की ठेवा. तिला विचारून लिहू नका, ती "जेवली मी" म्हणेल. ती बसते तेव्हा जवळ बसा आणि ताटात काय आहे ते बघून लिहा. आमच्याकडे आता भाजी आधी आईच्या ताटात वाढतात, बाबाच वाढतात, आणि ती बाबांसोबतच बसते.