कपाटातलं कानाचं मशीन

"म्याडम, फुकट मिळालंय म्हणून किंमत नाही बघा. आठ महिने झाले, मशीन कपाटातच आहे. जबरदस्ती करू काय?"

बेळगावच्या वडगावातल्या एका विणकर घरातला थोरला मुलगा हे विचारायला आला होता. वडील ६३ वर्षांचे, चाळीस वर्षं यंत्रमागावर काढलेले. एका शिबिरात त्यांना कानामागे लावायचं मशीन मिळालं होतं. (ओळख कळू नये म्हणून घरचे काही तपशील बदलले आहेत.) हा प्रश्न माझ्याकडे वेगवेगळ्या रूपांत येत असतो. कुणाची कुबडी माळ्यावर असते, कुणाची व्हीलचेअर धान्याच्या पोत्यांखाली. आणि दर वेळी घरच्यांनी कारण आधीच ठरवलेलं असतं: हट्टीपणा. मला हा शब्द फार लागतो, कारण ज्याच्याबद्दल तो वापरतात त्याला अजून कुणी काही विचारलेलंच नसतं.

मी म्हटलं, जबरदस्ती नको, आधी घरी येते.

काका दारातच बसले होते. मी समोर बसून बोलले तर नीट उत्तरं देत होते. बोलता बोलता मी सहज पाणी प्यायला मान वळवली आणि तशीच पुढचा प्रश्न विचारला, तर ते गप्प. माझ्या लक्षात आलं की हा माणूस कानांनी नव्हे, ओठांवरून ऐकतोय. मागाच्या खडखडाटात शेजारच्याची हाकसुद्धा येत नाही, म्हणून विणकर हातवाऱ्यांनी आणि ओठांवरून बोलायला शिकतात. काकांची ही विद्या इतकी पक्की होती की घरच्यांना त्यांच्या बहिरेपणाचा खरा अंदाजच आला नव्हता. समोरून बोललेलं सगळं कळतं आणि स्वयंपाकघरातून सूनबाईंनी मारलेली हाक मात्र कळत नाही, म्हणजे मुद्दाम करतात, असा घरात समज झाला होता. त्यावरून रोजची कटकट.

सूनबाईंना मी कागदावर समजावलं. मोठ्या आवाजात वर्षानुवर्षं काम केलं की आतल्या कानातल्या बारीक केसांसारख्या पेशी मरतात आणि त्या पुन्हा येत नाहीत. सगळ्यात आधी बारीक, उंच स्वर जातात. 'स', 'श', 'ख', 'त' ही अक्षरं त्यातच येतात. 'आ', 'ओ' मात्र ऐकू येत राहतात. म्हणून माणसाला आवाज येतो पण शब्द लागत नाही. 'साखर' म्हटलं की 'भाकर' वाटते. मोठ्याने ओरडून उपयोग होत नाही, कारण ओरडल्याने 'आ'च मोठा होतो, 'स' नाही. "म्हणजे मी तीन वर्षं उगाच ओरडत होतो," असं त्या हळूच म्हणाल्या.

मग मशीन मागवलं. काकूंनी कपाटातून स्टीलची डबी आणली. आत मशीन स्वच्छ रुमालात गुंडाळलेलं आणि त्याच्या बाजूला सहा सेल ओळीत मांडलेले. एकाही सेलवर रंगीत स्टिकर नव्हतं.

"ती चिकटपट्टी मीच काढून पुसून ठेवलो की," काकू कौतुकाने म्हणाल्या.

हे झिंक-एअर सेल. स्टिकर काढलं की बारीक भोकांतून हवा आत जाते आणि सेल चालू होतो. मग मशीन वापरा किंवा नका वापरू, तो काही आठवड्यांत संपतोच. काकूंनी माया करून सहाही सेल पहिल्याच दिवशी मारून टाकले होते. काकांनी कधी हौसेने मशीन लावलं तर ते मुकंच असणार. शिबिरात किती वेळ समजावलं होतं, असं विचारलं तर काका म्हणाले, "लाइनीत होतो. कानात घातले, 'ऐकू येतंय?' विचारले, 'हो' म्हटलो, पुढचा आला." काकूंना हे कुणी सांगितलंच नव्हतं, मग चूक त्यांची कशी?

पुढच्या आठवड्यात आम्ही त्यांना ऑडिओलॉजिस्टकडे, म्हणजे ऐकण्याची तपासणी करणाऱ्या तज्ज्ञाकडे नेलं. दोन गोष्टी निघाल्या. कानात बसणारं टोक सैल होतं, म्हणून आवाज बाहेर गळून मशीन शिट्टी मारायचं. त्यासाठी कानात मऊ मसाला भरून त्यांच्याच कानाचा साचा करून घेतला. आणि मशीनचा आवाज त्यांच्या ऑडिओमेट्रीच्या (कोणता स्वर किती ऐकू येतो त्या तपासणीच्या) आलेखाप्रमाणे बसवलाच नव्हता, तो बसवला.

परतताना रिक्षात काका पहिल्यांदा स्वतःहून बोलले. गल्लीत कुणीतरी सांगितलं होतं की मशीन लावलं की उरलंसुरलं ऐकणंही जातं. ही भीती बेळगावपासून निपाणीपर्यंत घराघरांत ऐकते, म्हणून इथे स्पष्ट सांगते. तपासणी करून, आलेखाप्रमाणे बसवलेल्या मशीनने कान खराब होत नाही, कारण त्याचा कमाल आवाज मर्यादित ठेवलेला असतो. बाजारात मिळणारं, सगळे आवाज सरसकट मोठे करणारं स्वस्त यंत्र मात्र तपासणीशिवाय कानात घालू नये.

दुसरी गोष्ट त्यांनी घराजवळ आल्यावर सांगितली. मंगळवारचं भजन त्यांनी सोडलं होतं. टाळ चुकायचा, एकदा पोरं हसली. घरातल्या कटकटीपेक्षा त्यांना हे जास्त लागलं होतं. तिथून आमचं काम सोपं झालं, कारण आता मशीन कशासाठी लावायचं ते ठरलं.

पहिला आठवडा सकाळी एक तास, घरात, एकाच माणसाशी बोलताना. नंतर दोन तास. मग स्वयंपाकघराजवळ, मग अंगणात. वर्षानुवर्षं जे आवाज मेंदूला मिळालेच नाहीत ते एकदम आले की डोकं भणभणतं. भांड्यांचा खणखणाट, चपलांची फटफट, स्वतःच्याच चावण्याचा आवाज. मेंदूला त्यातलं नको ते मागे ढकलायला काही आठवडे, कधी काही महिने लागतात. तिसऱ्या दिवशी काकांनी मशीन काढून ठेवलं, "पंखाच बोलतोय डोक्यात." आम्ही पुन्हा एका तासावर आलो. दहाव्या दिवशी नळाला पाणी आल्याचं त्यांनी सगळ्यांच्या आधी ओळखलं आणि घागर घेऊन स्वतः गेले. हे सूनबाईंनी मला फोन करून सांगितलं.

सेल बदलणं त्यांना दोन मिनिटांत जमलं. ज्या बोटांनी तुटलेला धागा चालत्या मागावर सांधला, त्या बोटांना काय अवघड? स्टिकर काढून एक मिनिट थांबायचं, मग सेल घालायचा. रात्री मशीनमधलं सेलचं झाकण उघडं ठेवायचं. पावसाळ्यात दमट हवेने मशीन बिघडू नये म्हणून सिलिका जेलच्या पुडीसोबत बंद डबीत ठेवायचं. आणि सेल नातवंडांच्या हाती लागू द्यायचे नाहीत. गिळले तर जीवावर बेततं.

भजनाच्या आधी मी त्यांना एकच सांगितलं, टाळकऱ्यांपासून लांब, पखवाजाशेजारी बसा. टाळाचा झणका मशीनमधून सुरीसारखा लागतो. वडगावच्या मंगाई देवीच्या जत्रेत तर मशीन खिशात ठेवलं तरी चालेल. नको तिथे काढायची मोकळीक दिली की हवं तिथे माणूस आपणहून लावतो, हे मी अनेक घरांत पाहिलंय.

ज्यांच्याकडे मशीनच नाही त्यांच्यासाठी दोन वाटा. दोन्ही कानांचं ऐकणं ६० डेसिबल किंवा त्याहून जास्त कमी झालं असेल तर २०१६ च्या अपंग हक्क कायद्याप्रमाणे अपंगत्व धरतात. प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (अपंगांचं ओळखपत्र) करून घ्या, अपंगांना साधनं देणाऱ्या केंद्राच्या एडीआयपी योजनेसाठी ते लागतं. ६० वर्षांवरच्या बीपीएल कुटुंबातल्यांसाठी २०१७ पासून अशीच साधनं देणारी राष्ट्रीय वयोश्री योजना आहे. उत्पन्नाचा दाखला नाडकचेरीतून, म्हणजे इथल्या महसूल कार्यालयातून मिळतो. गावात असाल तर पंचायतीच्या व्हीआरडब्ल्यूंना (अपंगांसाठी काम करणाऱ्या ग्राम पुनर्वसन कार्यकर्त्यांना) भेटा, अर्ज कन्नडमध्ये असतो, तो भरायला ते मदत करतात. अर्जावर काय लिहिलंय ते मराठीत समजावून घ्या, न कळता अंगठा देऊ नका.

शेवटच्या भेटीत काका बरेच बोलले. मुलगा बाजूला उभा होता, तोही आता मागच चालवतो. मी त्याला पाठमोरं असताना हाक मारली. दुसऱ्या हाकेला वळून तो म्हणाला, "काय?" काकांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना माझ्या आधीच कळलं होतं.

मुलाच्या ऑडिओमेट्रीत ४००० हर्ट्झवर खड्डा निघाला, म्हणजे त्या उंच स्वराला ऐकणं कमी झालेलं. मोठ्या आवाजाने गेलेल्या कानाची ही पहिली खूण. आपल्याकडे कारखान्यांत आठ तासांना ९० डेसिबलची मर्यादा आहे, आणि मागांच्या शेडमध्ये आवाज सहज त्यावर जातो. आता काका रोज सकाळी डब्यासोबत त्याच्या शर्टाच्या खिशात इअरप्लगची जोडी घालतात. संध्याकाळी आल्यावर ती वापरली का, ते मळ बघून तपासतात.