फोडणीचा ठसका आणि १९८४ची रात्र

प्रश्न : माझे सासरे ७६ वर्षांचे आहेत. गॅसकांड झालं तेव्हा ते नोकरीनिमित्त भोपाळला, स्टेशनाजवळ राहत होते. आठ वर्षांपासून सीओपीडी (श्वासनलिका अरुंद होण्याचा फुफ्फुसांचा जुनाट आजार) आहे. फोडणीत मिरची करपली की त्यांना दम लागतो, ‘बाहेर चला’ म्हणत घाबरेघुबरे होतात, इनहेलर पुन्हापुन्हा ओढतात. छातीचे डॉक्टर आजार स्थिर आहे म्हणतात. घरात सगळे याला मनाचे खेळ म्हणतात. झोपेची गोळी द्यावी का?
– एक सून, राजेंद्रनगर, इंदूर

उत्तर : स्वतःहून मुळीच देऊ नका. अल्प्राझोलामसारख्या गोळीने श्वास मंदावतो, सीओपीडीत रक्तात कार्बन डायऑक्साइड साठू शकतो. तोल जाऊन पडण्याची भीती वेगळीच. गोळी आधीपासून चालू असेल, तर एकदम बंदही करू नका.

२-३ डिसेंबरच्या त्या रात्रीतून वाचलेल्या कितीतरी जणांनी सांगितलं आहे, की कुणी मिरच्या जाळतंय असं वाटलं. तुमच्या फोडणीच्या धुराने आधीच अरुंद झालेल्या श्वासनलिका आकसतात आणि त्याच क्षणी ती रात्रही जागी होते. घाबरलेला माणूस भराभर श्वास घेतो. सीओपीडीत हवा बाहेर पडायलाच वेळ लागतो; ती आत कोंडते आणि दम खरोखर वाढतो. ‘मनाचे खेळ’ हे शब्द घरातून काढून टाका.

दम लागला की त्यांना खुर्चीत पुढे झुकवून बसवा, कोपरं मांडीवर. २ अंक मोजत नाकाने श्वास आत, ओठांचा चंबू करून ४ अंक मोजत बाहेर. गरम चहावर हळू फुंकतो तसा, जोर न लावता. समोर बसून सांगा : ‘बाबा, आपण इंदूरला आहोत. माझ्या हातून मिरची करपली.’ बोट उबदार करून ऑक्सिमीटर लावा आणि त्यांच्यासाठी ऑक्सिजनचा योग्य आकडा कोणता, ते डॉक्टरांकडून लिहून घ्या. आराम देणारा इनहेलर स्पेसरमधून (इनहेलरला जोडायच्या पोकळ नळकांड्यातून), एका वेळी एकच पफ. तो घेऊन जमेल तसा, १० सेकंदांपर्यंत श्वास धरायचा. पुढच्या पफआधी अर्धा ते एक मिनिट थांबायचं. अशा इनहेलरमधलं सालब्युटामॉल हे औषध जास्त झालं की छाती धडधडते, हात थरथरतात. त्यालाच भीती समजून माणूस आणखी पफ घेतो. वाक्य पुरं करता येत नसेल, ओठ निळसर झाले किंवा गुंगी आली, तर थांबू नका, १०८ला फोन करा.

मानसोपचारतज्ज्ञांना १९८४बद्दल स्पष्ट सांगा. बहुतेकदा हे कुणी विचारतच नाही. आघातावरच्या समुपदेशनाचा उपयोग या वयातही होतो. गरज पडली तर सर्ट्रालिनसारखं भीती-नैराश्यावरचं औषध ते छातीचा आजार लक्षात घेऊन देतील. फुफ्फुसांच्या पुनर्वसनाचे व्यायाम आठवड्यातून २-३ वेळा, किमान ६ ते ८ आठवडे झाले, की दम आणि धास्ती दोन्ही कमी होतात. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा फोन मोफत आहे. गॅसपीडित म्हणून कागदपत्रं असतील, तर भोपाळ मेमोरियल हॉस्पिटलमध्ये चौकशी करा.

फोडणीआधी एक्झॉस्ट लावा, स्वयंपाकघराचं दार ओढून घ्या आणि त्यांना आधी सांगा. अचानक आलेला वास जास्त घाबरवतो. पुढेमागे ऑक्सिजन लागला, तर तोंडावरच्या मास्कने कोंडल्यासारखं होऊ शकतं. मास्क आधी त्यांच्या हातात देऊन दाखवा आणि नाकातली नळी चालेल का, ते डॉक्टरांना विचारा.